लोणारच्या पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावी भगवान विष्णूंनी लवणासुराचा वध केला, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आहे. हा दैत्य भूगर्भातील विवरात दडून बसला होता. भगवंतांनी पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण दूर सारले आणि त्याचा संहार केला. त्याच्या रक्ताचे पाणी झाले, मांसाचे मीठ झाले. गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर याच कथेचे स्मरण देत उभे आहे.

या कथेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आपल्याकडे रूढ आहेत. एक तऱ्हा तथाकथित पुरोगाम्यांची. कथा ऐकताच ते हसतात आणि पुढे जातात. दुसरी तऱ्हा आपल्यातल्याच काही उत्साही मंडळींची. आकाशातून अशनी कोसळल्याचे पूर्वजांना ठाऊक होते, असे छातीठोकपणे सांगून तेही पुढे जातात. दोघांमध्ये एक साम्य आहे. संशोधनाचे कष्ट दोघांनाही नको असतात. पूर्वजांनी हे स्थान असामान्य आहे हे ओळखले, येथील खारट पाण्याचे कारण शोधण्याची जिज्ञासा दाखवली आणि त्या जिज्ञासेला कथेचे रूप दिले, एवढे निश्चित म्हणता येते. त्या जिज्ञासेचा वारसा चालवायचा, तर पुढचे काम प्रयोगशाळेत आणि सरोवराच्या काठावर करावे लागेल.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारचा ‘शोध लावला’, असे वाक्य पर्यटन पुस्तिकांतून आजही छापले जाते. ज्या काठावर शतकानुशतके देवळे उभी आहेत, येथील क्षार साबण व काच बनविण्यास उपयोगी पडतात अशी नोंद ज्या स्थानाविषयी ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, त्याचा शोध १८२३ साली कसा लागेल? अलेक्झांडरने पाश्चात्त्य जगाला या स्थानाची वार्ता कळविली, इतकेच खरे. मात्र हा आक्षेप घेताना दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हे विवर कशामुळे निर्माण झाले, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारण्यास आपण उशीर केला.

दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख समजले जात असे. भोवताली सर्वत्र दख्खनच्या पठाराचा काळा बसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. तेव्हा हा तर्क स्वाभाविक होता. १९७३ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून केलेल्या संशोधनाने तो खोटा ठरविला. सरोवराच्या तळातून वेधन करून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या. अशा आघाताने फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडून त्याची काच बनते. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेले हे विवर अशनीच्या आघातानेच झाले, हे सिद्ध झाले.

त्याच्या वयाचा प्रश्न त्याहून बोलका आहे. पूर्वीच्या मापनाने ते सुमारे बावन्न हजार वर्षे मानले गेले आणि आजही अनेक फलकांवर तोच आकडा आहे. २०११ साली आरगॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारित मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. विज्ञान आपलेच जुने विधान असे निःसंकोच बदलते. ही त्याची दुर्बलता नव्हे. वादातून तत्त्वबोधाकडे जाणाऱ्या आपल्या दर्शनपरंपरेला तर हे परके वाटण्याचे कारणच नाही.

बसाल्टमध्ये कोरली गेलेली आघात-विवरे पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांत लोणार सर्वांत सुस्थितीतील मानले जाते. चंद्राचे काळसर सपाट प्रदेश आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचाच आहे. चांद्रयान पाठविणाऱ्या देशाला चंद्राच्या विवरांचा अभ्यास करण्यासाठी विदर्भात चालत जाता येते, याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पण लोणारचे खरे धन खडकाइतकेच पाण्यात आणि गाळात आहे. सरोवरातून पाणी बाहेर वाहून नेणारा एकही प्रवाह नाही. पावसाचे आणि धार, सीतान्हाणी, रामगया यांसारख्या झऱ्यांचे पाणी आत येते आणि सूर्याच्या उष्णतेने वाफ होऊन जाते. क्षार मागे राहतात. त्यामुळे पाण्याचा सामू दहाच्या आसपास राहत आला. अशा पाण्यात सामान्य जलचर जगत नाहीत, मात्र अल्कधर्मी पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची एक स्वतंत्र सृष्टी येथे नांदते.

तळातील गाळ हा तर पर्जन्याचा इतिहासग्रंथच आहे. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तेथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून त्याचा अभ्यास केला. दीर्घ अवर्षणाच्या काळात पाणी आटून विशिष्ट स्फटिक तयार होतात. ते सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या थरांत सापडले, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत म्हटले आहे. सिंधू-सरस्वतीच्या काठची महानगरे ओस पडू लागली तो काळ याच सुमाराचा. लोणारपासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या संस्कृतीच्या ऱ्हासाचे कारण केवळ या पुराव्यावर ठरविता येणार नाही. तथापि आपल्या इतिहासाचे एक साक्षीदार पान बुलढाण्याच्या चिखलात जपले गेले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण सांगितले : पाणी घटून क्षारता वाढल्याने ‘हॅलोआर्किया’ हे लवणप्रिय सूक्ष्म जीव वाढले होते आणि रंग त्यांचा होता. काही काळाने तो ओसरला, आणि त्याबरोबर देशाचे लक्षही ओसरले.

आता नेमके उलटे घडत आहे. अलीकडच्या काही वर्षांत पाण्याची पातळी चढत गेली. काठावरील प्राचीन मंदिरांना पाण्याने वेढल्याच्या आणि सरोवरात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. गोड्या पाण्याचा मासा ज्या पाण्यात तगतो, ते पाणी आपला मूळ स्वभाव गमावू लागले, असाच त्याचा अर्थ. कारण कोणते? वाढलेला पाऊस, भोवतालच्या जलसंधारणाच्या कामांमुळे वाढलेले झरे, की गावातून येणारे सांडपाणी? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. निदान चुकले, तर औषधच रोग्याला मारील. निदानासाठी हवी असते ती वर्षानुवर्षे, न चुकता, एकाच पद्धतीने ठेवलेली नोंद : प्रत्येक झऱ्याचा प्रवाह किती, सामू किती, पातळी किती. रंग बदलला की धावत जाऊन बाटल्या भरून आणणे, याला संशोधन म्हणत नाहीत.

वन्यजीवांची कथा याहून निराळी नाही. सन २००० मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या या परिसराला २०२० साली रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. पक्ष्यांच्या १६०, सरीसृपांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत लांडगाही आहे. विवराच्या उतारावरील मूळ झाडोऱ्यात घुसलेल्या विलायती वेड्या बाभळीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. खडक भूवैज्ञानिकांचा, मंदिरे पुरातत्त्व खात्याची, झाडे वनखात्याची, सांडपाणी नगरपालिकेचे! निसर्गाने मात्र अशी खातेवाटप केलेली नाही. तेथे खडक पाण्याला घडवितो, पाणी जीवाला घडविते, आणि एकाला धक्का लागला की सारेच हलते.

म्हणून मागणी साधी आहे. या सर्व शाखांना एका छत्राखाली आणणारे, कायमस्वरूपी नोंदी ठेवणारे संशोधन केंद्र लोणारच्या काठावरच असावे, आणि त्याचे निष्कर्ष दरवर्षी मराठीत प्रसिद्ध व्हावेत. माझे शिक्षण कला शाखेचे. लोणारवरचे शोधनिबंध समजून घेताना माझी जी दमछाक होते, तीच लोणारच्या शाळेतील शिक्षकाची होत असणार. ज्यांच्या भूमीचे ज्ञान आहे, त्यांच्या भाषेत ते पोहोचत नसेल, तर ते संशोधन समाजाचे होत नाही.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला हजारो भाविक विवरात उतरतात. धारेचे पाणी आपण तीर्थ मानतो. मग त्या तीर्थात साबण लावून स्नान कसे चालते? निर्माल्य आणि प्लास्टिक देवीच्या दारात टाकून आपण कोणती सेवा करतो? शासनाला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. मात्र तो अधिकार स्वच्छ हातांनीच बजावता येतो. मंदिर समित्या, शाळा आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी ठरविले, तर पुढील नवरात्रापासूनच हे चित्र बदलू शकेल. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

लवणासुराला भगवंतांनी विवर उघडून शोधले, म्हणून त्याचा वध झाला. आजचा असुर आपल्या अनास्थेत दडून बसला आहे. त्याच्यावरचे झाकण मात्र आपल्यालाच दूर सारावे लागेल.