पदाचे माप आणि व्यक्तीचे चरित्र : एका स्त्री-आर्चबिशपच्या निमित्ताने

चरित्र ह्या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना आपल्याकडे सत्य आणि कलात्मकता ह्यांच्या परस्परसंबंधाचा विचार पुष्कळ झाला. न्याय्यतेचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. एखाद्या चरित्रातील प्रत्येक विधान खरे असूनही ते चरित्र अन्यायकारक ठरू शकते. काय निवडले, कशाला किती जागा दिली आणि कोणत्या मापाने मोजले, ह्यावर वाचकाच्या मनातील प्रतिमा अवलंबून असते. चरित्रनायक हयात आणि पदस्थ असेल तर ही अडचण वाढते. ती व्यक्ती स्त्री असेल आणि ते पद शतकानुशतके पुरुषांकडेच राहिलेले असेल, तर ती अधिकच गुंतागुंतीची होते. सारा मलाली ह्यांच्या सार्वजनिक जीवनाविषयी कसे लिहावे, हा प्रश्न ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी मलाली ह्यांचे नाव ३ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाले आणि २८ जानेवारी २०२६ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये त्या निवडीवर कायदेशीर शिक्कामोर्तब झाले. संत ऑगस्टिन ५९७ मध्ये केंटमध्ये आले, तेथून सुरू होणाऱ्या परंपरेतील त्या १०६ व्या आर्चबिशप आणि त्या पदावरील पहिल्या स्त्री. अशा व्यक्तीविषयी लिहिताना लेखकाच्या हाताशी दोन तयार साचे असतात. एक गौरवाचा : 'अडथळे ओलांडून शिखर गाठणारी स्त्री.' दुसरा संशयाचा : 'काळाच्या दडपणाखाली झालेली निवड.' हे दोन्ही साचे परस्परविरोधी भासले, तरी दोहोंतही व्यक्तीचे माप तिच्या स्त्रीत्वानेच घेतले जाते. माझे म्हणणे असे की, येथे पहिले माप पदाचे असावे. पदाने कोणते अधिकार दिले, ते कसे वापरले आणि कोठे वापरले नाहीत, हे नोंदविल्यावरच गौरवाला आणि टीकेला आधार मिळतो.

हा प्रश्न मराठी लेखकाला थेट पदनामापासूनच सुरू होतो. मराठीत 'ईण' हा प्रत्यय लावून स्त्रीवाचक नाम करता येते; परंतु पाटलीण ही पाटलाची पत्नी असते, पाटीलकी करणारी स्त्री नव्हे. 'मास्तरीण' ह्या शब्दाने मात्र स्वतः शिकविणाऱ्या स्त्रीचाही बोध होतो. संस्कृत व्याकरणपरंपरेने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता : आचार्याची पत्नी ती 'आचार्यानी' आणि स्वतः अध्यापन करणारी ती 'आचार्या'. पत्नीपण आणि पद ह्यांची सरमिसळ होऊ नये, ही दक्षता त्या भेदामागे आहे. म्हणून 'बिशप' आणि 'आर्चबिशप' ही पदनामे मराठीत जशीच्या तशी ठेवावीत. लिंगाचा बोध क्रियापद करून देतेच. 'बिशप मलाली म्हणाल्या' ह्या वाक्याला 'महिला' हे विशेषण जोडण्याचे कारण नाही. ज्या वाक्याचा विषयच स्त्रियांचा प्रवेश हा आहे, तेथे ते विशेषण अवश्य यावे. एरवी ते प्रत्येक वाक्यात येऊ लागले, म्हणजे लेखकाला अजून पदाची सवय झालेली नाही एवढेच त्यातून कळते.

'पहिली' ह्या विशेषणाचेही असेच आहे. ते खोटे नाही. परंतु त्याने व्यक्तीच्या कर्तृत्वाहून संस्थेच्या इतिहासाविषयी अधिक सांगितले जाते. तो इतिहास न देता केवळ विशेषण दिले, तर वाचकाच्या हाती कुतूहलाखेरीज काही लागत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने स्त्रियांना प्रीस्टपदाची दीक्षा देण्यास नोव्हेंबर १९९२ मध्ये संमती दिली. मार्च १९९४ मध्ये ब्रिस्टल कथीड्रलमध्ये ३२ स्त्रियांना पहिली दीक्षा मिळाली. बिशपपदाचा ठराव २० नोव्हेंबर २०१२ रोजी फेटाळला गेला, १४ जुलै २०१४ रोजी संमत झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. अँग्लिकन समुदायात अन्यत्र हे आधीच घडले होते. अमेरिकेत बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये बिशप झाल्या, तर न्यूझीलंडमध्ये डनीडिनच्या धर्मप्रांताची सूत्रे पेनी जेमिसन ह्यांनी १९९० मध्ये स्वीकारली. आपल्या देशात चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याल धर्मप्रांतात ई. पुष्पा ललिता ह्यांचा बिशपपदाचा अभिषेक २०१३ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या आधी झाला. एवढा क्रम समोर ठेवला की इंग्लंडने जगाला वाट दाखविली, हा समज टिकत नाही.

२०१२ च्या मतदानाकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सिनॉडच्या तीन सभागृहांपैकी बिशपांच्या आणि धर्मगुरूंच्या सभागृहांत ठरावाला आवश्यक ते दोन-तृतीयांश बहुमत मिळाले होते. तो पडला सामान्य सभासदांच्या सभागृहात, १३२ विरुद्ध ७४ अशा मतांनी. सहा मते कमी पडली. विरोध करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. 'पुरोहितशाहीने स्त्रीची वाट अडविली' हे सोपे वाक्य ह्या प्रसंगापुरते तरी वस्तुस्थितीला धरून होत नाही. चरित्रकाराला असे वाक्य मोहात पाडते, कारण त्याने कथानक सरळ होते. परंतु कथानकाच्या सोयीसाठी विरोधकाचा चेहरा बदलणे हा चरित्रनायिकेवरही अन्याय असतो. तिने प्रत्यक्षात कोणाशी आणि कशाशी सामना केला, हे त्यामुळे झाकले जाते.

आता पूर्वायुष्याविषयी. मलाली ह्यांचा जन्म १९६२ चा. त्या परिचारिका होत्या, कर्करोगाच्या रुग्णांच्या शुश्रूषेत त्यांनी विशेष काम केले, हे सर्वत्र सांगितले जाते. 'परिचारिका ते आर्चबिशप' ही शब्दयोजना आकर्षक आहे. तथापि ती मधला एक टप्पा गाळते. १९९९ ते २००४ ह्या काळात त्या इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या, म्हणजे आरोग्य खात्यातील एका वरिष्ठ शासकीय पदावर होत्या. त्याच काळात, २००१ मध्ये त्या डीकन झाल्या आणि २००२ मध्ये प्रीस्ट. शासकीय पद सोडून पूर्णवेळ धर्मकार्यात आल्या त्या २००४ मध्ये. पुढे २०१५ मध्ये क्रेडिटनच्या आणि २०१८ मध्ये लंडनच्या बिशप. मधला टप्पा गाळला की उरते ती 'सेवाभावी, मायाळू' स्त्री. जिला प्रशासनाचा, अर्थव्यवहाराचा आणि मंत्र्यांशी व्यवहार करण्याचा अनुभव होता ती अधिकारी व्यक्ती नाहीशी होते. मराठीत 'सेवा' आणि 'माउली' ह्या शब्दांभोवती जे भाववलय आहे, त्यामुळे हा धोका आपल्याकडे अधिक संभवतो. एखाद्या पुरुष बिशपने पूर्वी शासकीय खाते सांभाळले असते, तर आपण त्याच्या प्रशासकीय कौशल्याविषयी लिहिले असते, मायेविषयी नव्हे.

पदाचे माप लावायचे तर त्या पदाच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. कँटरबरीचे आर्चबिशप हे पोप नव्हेत. निवड एका नामनिर्देशन आयोगाकडून होते. नाव पंतप्रधानांमार्फत राजाकडे जाते. सुमारे साडेआठ कोटी अनुयायी आणि ४२ प्रांत असलेल्या जागतिक अँग्लिकन समुदायात ह्या पदाला परंपरेने समानांमध्ये अग्रमान आहे, पण इतर प्रांतांना आज्ञा देण्याचा अधिकार नाही. समुदायातील फुटीचे खापर ह्या पदावरील व्यक्तीवर फोडणे आणि ऐक्याचे श्रेय तिला देणे, ही दोन्ही विधाने हा घटनात्मक तपशील पाहिल्यावाचून करू नयेत.

विरोधकांचे म्हणणे कसे मांडावे, हा न्याय्य लेखनाचा सर्वांत कठीण भाग. मलाली ह्यांच्या निवडीला झालेल्या विरोधात किमान दोन निराळे प्रवाह आहेत. बिशपपद पुरुषानेच धारण करावे, हा पहिला. त्यातही काहींचा आधार प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा आणि रोमन व पौर्वात्य चर्चशी असलेले नाते हा आहे, तर काहींचा बायबलमधील पौलाच्या पत्रांचा अर्थ हा आहे. दुसरा प्रवाह त्यांच्या निर्णयांविषयीचा आहे. समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांचा मार्ग मोकळा करणारा ठराव फेब्रुवारी २०२३ मध्ये सिनॉडने संमत केला. तेथवर नेणाऱ्या प्रक्रियेत मलाली ह्यांचा प्रमुख सहभाग होता. गॅफकॉन ह्या पुराणमताच्या गटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडीचा निषेध केला, तेव्हा ही दोन्ही कारणे पुढे केली. त्याच ठरावावर सुधारणावाद्यांचा आक्षेप उलट होता : आशीर्वाद दिला, पण चर्चमधील विवाह दिला नाही. पहिल्या प्रवाहातील आक्षेपाला मलाली ह्यांचे कोणतेही वर्तन उत्तर देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्या वर्तनाविषयी नाहीच. दुसऱ्यातील आक्षेप त्यांच्या कृतीविषयी आहे आणि त्याची चिकित्सा कृतीच्या आधारे व्हायला हवी. हे दोन प्रवाह एकत्र केले की प्रत्येक टीका स्त्रीद्वेष ठरते, किंवा प्रत्येक स्त्रीद्वेषाला धर्मशास्त्राचा अंगरखा मिळतो.

'आफ्रिका विरोधात आहे' हे विधानही असेच ढोबळ. स्वाझीलंडमध्ये एलिना वामुकोया २०१२ मध्येच बिशप झाल्या. केनियातील बुटेरे धर्मप्रांताच्या बिशपपदी रोझ ओकेनो २०२१ मध्ये आल्या. खंडाच्या नावाने मत सांगणे सोपे असते. ते मत कोणत्या प्रांताचे, कोणत्या गटाचे आणि केव्हाचे, हे सांगण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्येच बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. भारताशी संबंधित बिशपांनी त्यास हरकत घेतली. असे केल्याने भारतात त्यांचा प्रभाव कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या वडिलांनी किंवा पतीने अशा अध्यापनास कधी हरकत घेतली नव्हती, असे रमाबाईंनी उत्तरादाखल कळविले. हा पत्रव्यवहार उपलब्ध आहे म्हणून आज आपण दोन्ही बाजू वाचू शकतो. रमाबाईंवरील मराठी लेखनाचा मोठा भाग मात्र धर्मांतराचा निषेध किंवा संतत्वाचा गौरव ह्या दोन टोकांत वाटला गेला. बिशपांशी वाद घालणारी, आपल्या मताचा आधार देणारी, चर्चमध्ये राहूनही चर्चच्या अधिकाराला प्रश्न विचारणारी विचारवंत स्त्री त्या दोन्ही टोकांना गैरसोयीची होती.

राहिला उत्तरदायित्वाचा मुद्दा, आणि गौरवपर लेखनाची खरी परीक्षा येथेच होते. आर्चबिशप जस्टिन वेल्बी ह्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला, तो जॉन स्मिथ ह्याने केलेल्या अत्याचारांची चर्चने केलेली हाताळणी एका अहवालाने उघड केल्यामुळे. अत्याचारपीडितांचा विश्वास गमावलेली संस्था मलाली ह्यांच्या हाती आली आहे. त्या स्वतः लंडनच्या बिशप असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्या धर्मप्रांतात पूर्वी काम केलेल्या एका धर्मगुरूने स्वतःवरील आरोपांची चौकशी चालू असता आत्महत्या केली. २०२१ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने चर्चच्या कार्यपद्धतीवर कठोर अहवाल दिला. हा प्रसंग चरित्रात यायलाच हवा. तो सर्वस्वी त्यांच्या व्यक्तिगत दोषाच्या खाती टाकणे चूक. धर्मप्रांताच्या कार्यालयाने काय केले, बिशपांपर्यंत काय पोहोचले आणि पुढे कोणती दुरुस्ती झाली, हे वेगवेगळे नोंदवावे लागेल. परंतु 'पहिल्या स्त्रीच्या' चरित्राला डाग नको म्हणून तो गाळणे ही चूक त्याहून मोठी. ज्या व्यक्तीला उत्तर मागण्याचे आपण टाळतो, तिच्या पदाला आपण मनातून मान्यता दिलेली नसते. शिवाय असे गाळणे मृताच्या आप्तांवर आणि पीडितांवरही अन्याय करते. चरित्रकाराचे त्यांच्याशीही काही देणे लागते.

आपल्या विभागांतून आज कोशांतील नोंदी लिहिल्या जातात, स्त्रीचरित्रांवर लघुप्रबंध होतात, वृत्तपत्रीय मजकुराची भाषांतरे होतात. ह्या विषयावर मराठीत आधीच लेखन थोडे. त्यामुळे आज लिहिलेली एखादी सामान्य नोंदही उद्या पुढील विद्यार्थ्याचे एकमेव साधन होऊन बसेल. अशी नोंद लिहिणाऱ्याने तारीख आणि पद बरोबर द्यावे, निर्णय कोणत्या अधिकाराने घेतला ते सांगावे, आक्षेपकाचे म्हणणे त्याला स्वतःचे म्हणून ओळखता येईल अशा शब्दांत मांडावे आणि विशेषणे अगदी शेवटी, उरलीच गरज तर, वापरावीत. मलाली ह्यांची कारकीर्द नुकतीच सुरू झाली आहे. तिचे मूल्यमापन पुढील अभ्यासक करतील. त्यांना विश्वासाने वापरता येईल असा मजकूर तयार ठेवणे, एवढे काम आज आपल्याकडे आहे.