विश्लेषण : पाटीवर ‘झेरॉक्स’, ताळेबंदात तोटा! कार्यालयीन यंत्रांच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल कसे वाचायचे?

जून उजाडला की अमरावती आणि अकोल्यात तहसील कचेरीसमोरच्या टपऱ्यांवर गर्दी वाढते. पीककर्ज, पीकविमा, जात पडताळणी, कॉलेजचा प्रवेश. काम कोणतेही असो, सातबाऱ्यापासून आधार कार्डापर्यंत प्रत्येक कागदाची प्रत लागते. दुकानावर पाटी ‘झेरॉक्स’ची, आत यंत्र मात्र अनेकदा कॅनन, रिको किंवा क्योसेराचे. जिच्या नावावरून मराठीत ‘झेरॉक्स मारणे’ रूढ झाले, त्या अमेरिकी कंपनीने २०२४ या वर्षात तब्बल १३२ कोटी डॉलरचा निव्वळ तोटा नोंदवला. याच कंपनीने २०४० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्टही जाहीर केलेले आहे. आकड्यांचा अहवाल एक सांगतो, पर्यावरणाचा दुसरेच. या दोन्हींचा वऱ्हाडातल्या ग्राहकाशी, छोट्या गुंतवणूकदाराशी आणि भंगारवाल्याशी काय संबंध?

झेरॉक्सला एवढा तोटा झाला कसा?

झेरॉक्सचा २०२४ चा महसूल ६२२ कोटी डॉलर होता. आदल्या वर्षी तो ६८९ कोटी होता, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांची घट. घट मोठी असली तरी १३२ कोटींचा खड्डा त्यातून पडत नाही. त्यातला सुमारे १०० कोटी डॉलरचा भाग हा ‘गुडविल’च्या मूल्यात केलेल्या कपातीचा आहे.

गुडविल म्हणजे काय? एखाद्याने बाजारपेठेतले चालते दुकान विकत घेतले आणि मालाच्या किमतीवर दोन लाख रुपये दुकानाच्या नावासाठी जास्त मोजले, तर ते दोन लाख त्याच्या वहीत मालमत्ता म्हणून राहतात. पुढे गिऱ्हाईक आटले की नावाची किंमत कमी झाल्याचे वहीत लिहावे लागते. त्या दिवशी गल्ल्यातून एक रुपयाही जात नाही, पण तोटा दिसतो. झेरॉक्सचे तसेच झाले. रोजच्या व्यवहारातून येणारी रोख त्या वर्षीही जमेच्याच बाजूला होती.

मात्र ‘हा कागदी तोटा आहे’ म्हणून तो सोडून देणेही चुकीचे. आपल्या धंद्यातून पूर्वी वाटले होते तेवढी कमाई पुढे होणार नाही, याची ती लेखी कबुली असते. कार्यालये कागद कमी वापरू लागली, करोनानंतर अनेकांनी घरून काम धरले, छपाई घटली. यावर झेरॉक्सने काढलेला उपाय म्हणजे त्याच धंद्यातली लेक्समार्क ही कंपनी १५० कोटी डॉलरना विकत घेणे. हा व्यवहार जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाला. आटत्या विहिरीशेजारची दुसरी विहीर विकत घेण्यासारखा हा डाव आहे. दोन्हींचा खर्च एकत्र करून वाचवता आला तरच तो फायद्याचा.

यंत्र स्वस्त, टोनर महाग, असे का?

कारण या धंद्यातली कमाई मुख्यतः यंत्रात नाही. बैल स्वस्तात द्यायचा आणि ढेप मात्र आपल्याच दुकानातून घ्यायची अट घालायची, असा हा व्यवहार आहे. यंत्र एकदा गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिले की टोनर, ड्रम, सुटे भाग आणि देखभालीचा करार यांतून वर्षानुवर्षे पैसे येत राहतात. म्हणून अशा कंपनीचा अहवाल वाचताना किती यंत्रे विकली यापेक्षा विक्रीनंतरचा महसूल वाढतो आहे की घटतो, हे आधी पाहावे.

कार्ट्रिजवर बसवलेली चिप हा याच गणिताचा भाग. बाहेरून भरलेले कार्ट्रिज यंत्राने स्वीकारू नये, अशी सोय ती करू शकते. कंपन्या त्याला गुणवत्तेची खात्री म्हणतात. दहा-दहा वेळा कार्ट्रिज भरून वापरणाऱ्या अमरावतीच्या दुकानदाराला ती अडवणूक वाटते, आणि त्याचे वाटणे अगदीच निराधार नाही.

दीर्घ मुदतीच्या करारांत आणखी एक मेख आहे. पाच वर्षांच्या करारावर यंत्र दिले, तर त्यातली किती रक्कम आज ‘विक्री’ म्हणून दाखवायची आणि किती पुढच्या पाच वर्षांत सेवा आणि व्याज म्हणून? पाच वर्षांच्या मक्त्याने शेत दिले आणि सगळा मक्ता पहिल्याच वर्षाच्या कमाईत लिहिला, तर पहिले वर्ष झकास दिसेल आणि पुढची चार कोरडी. झेरॉक्सने १९९७ ते २००० या काळात भाडेकरारांचे उत्पन्न असेच आधी ओढून घेतल्याचा ठपका अमेरिकेच्या रोखे नियामकाने ठेवला. एप्रिल २००२ मध्ये कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता एक कोटी डॉलरचा दंड भरला आणि जुने हिशेब नव्याने मांडले.

मुंबईत नोंदणी असलेल्या रिको इंडियाचे काय झाले?

महाराष्ट्राला सर्वांत जवळचा धडा हाच आहे. जपानच्या रिकोची ही भारतीय उपकंपनी मुंबई शेअर बाजारात नोंदलेली होती. तिची विक्री झपाट्याने वाढत होती, समभागही वधारत होता. २०१५ मध्ये सप्टेंबर तिमाहीचे हिशेब तपासताना लेखापरीक्षकांनी व्यवहारांबाबत प्रश्न उपस्थित केले. निकाल रखडले. न्यायवैद्यक लेखातपासणी सुरू झाली आणि २०१६ मध्ये कंपनीने लेखातत्त्वांचा भंग झाल्याचे शेअर बाजाराला कळवले. २०१५-१६ चा तोटा सुमारे १,१०० कोटी रुपयांचा निघाला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानी मूळ कंपनीने आर्थिक पाठबळ काढून घेतले. जानेवारी २०१८ मध्ये रिको इंडियाने स्वतःच दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाच्या मुंबई खंडपीठाने मे महिन्यात तो दाखल करून घेतला. पुढे कंपनी कोणी घ्यावी यावर वाद झाला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्पराज धरमशी आणि रेखा झुनझुनवाला यांच्या गटाच्या बाजूने कौल दिला. आता ती कंपनी ‘मिनोशा’ या नावाने ओळखली जाते.

दिवाळखोरीत देणी वाटण्याचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. त्यात सामान्य भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो. मोबाइलवर डीमॅट खाते उघडून नावाजलेल्या परदेशी कंपनीचा समभाग घेणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवलेला बरा.

विशेष म्हणजे ज्या २०१७ मध्ये रिकोने भारतीय उपकंपनीचा हात सोडला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपूर्ण वीज अक्षय स्रोतांतून घेण्याच्या ‘आरई १००’ या जागतिक उपक्रमात सामील होणारी ती पहिली जपानी कंपनी ठरली होती. पर्यावरणाबाबत रिकोचे काम खरेच जुने आणि गंभीर आहे. पण शाश्वततेच्या चांगल्या अहवालावरून हिशेबाच्या खरेपणाची हमी मिळत नाही, हे इथे स्पष्ट दिसते.

मग अहवालात आधी काय पाहायचे?

अध्यक्षांचे रंगीत पान नव्हे. थेट लेखापरीक्षकाच्या अहवालाकडे जावे. त्यात ‘खरे आणि यथायोग्य चित्र’ हे शब्द कोणत्याही अटीशिवाय आहेत की मागे ‘परंतु’ जोडलेला आहे, हे दोन मिनिटांत कळते. त्यानंतर विक्री आणि येणे रक्कम शेजारी ठेवून पाहावी. विक्री वीस टक्क्यांनी वाढली आणि उधारी साठ टक्क्यांनी, तर माल खरोखर गिऱ्हाइकाकडे गेला का, हा प्रश्न पडलाच पाहिजे. नफा दिसतो पण रोख येत नाही, असे सलग दोन-तीन वर्षे चालले तर ती धोक्याची घंटा. निकाल जाहीर करायला वारंवार उशीर होणे हीसुद्धा एक बातमीच असते.

गोदरेजचे कपाट या चर्चेत कुठे बसते?

वऱ्हाडात लोखंडी कपाट कोणत्याही कंपनीचे असो, त्याला ‘गोदरेज’च म्हणतात. गोदरेज अँड बॉइस १९२३ पासून पोलादी कपाटे बनवते. १९५५ मध्ये तिने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. कोर्टाच्या आवारातले टंकलेखक आणि गावोगावच्या टायपिंग संस्था यांचे एक युग त्या यंत्रावर चालले. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कौटुंबिक वाटणीत ही कंपनी जमशेद गोदरेज यांच्या बाजूकडे राहिली. ती शेअर बाजारात नोंदलेली नाही, तरी तिचे हिशेब गुप्त नसतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीची दाखल कागदपत्रे पाहता येतात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

विक्रोळीची खारफुटी जपणे हे गोदरेजच्या पर्यावरणकार्याचे ठळक उदाहरण, आणि ते कौतुकास्पदच आहे. पण आजोबांच्या लग्नातले कपाट नातवाच्या घरात अजून कुलूप लावून उभे असेल, तर शाश्वतता म्हणतात ती तीच. टिकाऊ कपाट पुन्हा विकले जात नाही, टोनर मात्र दर महिन्याला विकला जातो. हा फरक कोणत्याच अहवालात लिहिलेला सापडणार नाही.

भारतात शाश्वतता अहवाल सक्तीचा आहे का?

आहे, पण सर्वांना नाही. ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा अहवाल बंधनकारक केला. वीज, पाणी, उत्सर्जन, कचरा, कामगार सुरक्षा यांची माहिती त्यात द्यावी लागते. अडचण अशी की कॅनन, एप्सन, क्योसेरा यांच्या भारतीय कंपन्या इथल्या शेअर बाजारात नोंदलेल्याच नाहीत. म्हणजे कचेरीसमोरच्या बहुसंख्य यंत्रांच्या उत्पादकांना हा नियम लागूच नाही.

ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठीही नमुन्यात एक पळवाट आहे. आयुष्य संपलेले उत्पादन परत घेण्याची ‘पद्धत’ सांगणे सक्तीचे, पण प्रत्यक्षात किती टन परत घेतले हा प्रश्न ऐच्छिक रकान्यात. आकांक्षित जिल्ह्यांत सामाजिक दायित्वाची कोणती कामे केली, हेही हा नमुना ऐच्छिक म्हणून विचारतो. शेजारचा वाशीम असा जिल्हा आहे. पण त्याच वाशीममध्ये विकलेल्या यंत्रांपैकी किती परत आली, हे विचारणारा रकाना नाही.

बंद पडलेले यंत्र आणि रिकामे कार्ट्रिज जाते कुठे?

एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर, त्यांची कार्ट्रिज आणि प्रती काढणारी यंत्रे स्पष्टपणे समाविष्ट आहेत. यंत्राचे सरासरी आयुष्य धरून उत्पादकाला ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रण दाखवावे लागते. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षे ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. ऐकायला हे भक्कम वाटते.

पण उत्पादकाने स्वतः माल गोळा केलाच पाहिजे असे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून प्रमाणपत्रे विकत घेतली की जबाबदारी पूर्ण होते. कारखाना कुठलाही असू शकतो. त्यामुळे मूर्तिजापूर किंवा अचलपूरच्या भंगार दुकानात पडलेले यंत्र तिथेच राहिले, तरी कंपनीचा आकडा १०० टक्के भरू शकतो. शिवाय ही प्रमाणपत्रे सुरुवातीला सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंपुरतीच ठेवली गेली. कार्ट्रिजचे प्लॅस्टिक आणि आतली उरलेली काळी पूड यांना त्यात मोल नाही. भंगारवाला तांब्याची तार, मोटर आणि पत्रा काढून घेतो. पूड झटकली जाते नालीत नाही तर उकिरड्यावर. तोंडाला रुमालही न बांधता हे काम करणाऱ्या माणसाची नोंद कोणत्याच अहवालात होत नाही.

नियमांत दुरुस्तीला जागा आहे. जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला प्रमाणपत्र मिळते आणि त्यातून उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलता येते. वऱ्हाडातला मेकॅनिक हेच काम वर्षानुवर्षे करतो आहे. ४५ अंशांच्या उन्हात गरम होऊन अडकलेली यंत्रे तो दोन जुन्यांचे सुटे भाग जोडून चालू करतो. त्याच्याकडे नोंदणी नाही, म्हणून त्याच्या कामाला प्रमाणपत्र नाही.

सरकारी कार्यालये काय करू शकतात?

बरेच काही, आणि नवा कायदा न करता. अमरावतीचे विभागीय आयुक्त कार्यालय, संत गाडगेबाबा विद्यापीठ, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, दोन्ही जिल्हा परिषदा, न्यायालये. या भागातले यंत्रांचे मोठे गिऱ्हाईक हेच आहेत. ‘जेम’ या सरकारी खरेदी संकेतस्थळावर नवे घेताना जुने परत देण्याची, म्हणजे ‘बायबॅक’ची सोय आहे. निविदेत यंत्राबरोबर रिकामी कार्ट्रिज परत नेण्याची अट घातली, पुन्हा भरलेले कार्ट्रिज चालणाऱ्या यंत्रांना प्राधान्य दिले आणि किमान सात वर्षे सुटे भाग मिळण्याची हमी मागितली, तर कंपन्यांना या जिल्ह्यांपर्यंत यावेच लागेल.

एका वर्षात एक हजार किंवा त्याहून अधिक विद्युत उपकरणे वापरणारी संस्था नियमांनुसार ‘मोठी ग्राहक’ ठरते. आपला ई-कचरा नोंदणीकृत व्यक्तीकडेच देणे तिला बंधनकारक आहे. शाळा-शाळांतले संगणक आणि प्रिंटर मोजले तर जिल्हा परिषदेला हा आकडा ओलांडायला फार वेळ लागू नये. बंद यंत्रांचा लिलाव मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही टेबल-खुर्च्यांसोबत, वजनावर, जास्त बोली लावणाऱ्याला होतो.