दुसरी पाटी



इंग्लंडातल्या ब्रिस्टल बंदरात एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा ब्राँझचा पुतळा 1895 साली उभा राहिला. त्यानं शाळा काढल्या, म्हाताऱ्यांना निवारे बांधले, म्हणून तो थोर. चौथऱ्यावर लिहिलं : शहराच्या अत्यंत सदाचारी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एकाचं हे स्मारक, नागरिकांनी उभारलेलं. नागरिकांनी! वर्गणी तर पुरती जमलीच नव्हती.

दानाचा पैसा आला कुठून? 1680 ते 1692 कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीत होता. त्या काळात कंपनीनं सुमारे 84,000 आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली. सुमारे 19,000 वाटेतच मेली. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. एक गोण फाटली तरी टॅलीच्या कागदावर नोंद होते. या 19,000 जणांसाठी चौथऱ्यावर एक ओळ नव्हती.

लोकांनी मागितलं काय? दुसरी पाटी. हा माणसं विकायचा, एवढं खरं लिहा. 2018 साली मजकुरावर घोळ सुरू झाला. प्रतिष्ठितांनी शब्दाशब्दाला कात्री लावली. 2019 साली पाटी बारगळली. मग 7 जून 2020 रोजी लोकांनी दोर टाकून पुतळा ओढला, फरफटत नेला, बंदरात बुडवला. चौघांवर खटला झाला. जानेवारी 2022 मध्ये ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं.

इथले शहाणे लगेच विचारतील, मग तुमच्या बाबासाहेबांचा पुतळा कुणी पाडला तर? 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात त्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. जाब विचारायला उतरलेल्या वस्तीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 10 जण मेले. पुतळा म्हणजे नुसता दगड, हे आम्हांला शिकवू नका. कोल्स्टननं माणसांचा माल केला. बाबासाहेबांनी माल समजल्या गेलेल्यांना माणूस केलं. दोन्ही पुतळे एका तराजूत घालणारा तराजूच चोर आहे.

कोल्स्टन आता संग्रहालयात आडवा पडलाय, अंगावरच्या रंगासकट, आणि त्याची खरी गोष्ट शेजारी लिहिलीय. म्हणजे पाटी लागली, पण पुतळा पडल्यावर.

आपल्या मुंबईतही दानशूरांच्या नावाचे दवाखाने आहेत, रस्ते आहेत. गिरण्यांत तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांनी विटाळ काढला, मालकांनी तो चालवून घेतला, आणि आपल्या बापजाद्यांना विणकाम खात्याचं दार बंद झालं. हे कुठल्या चौथऱ्यावर वाचलंत?

जिवंत आहेत त्या म्हाताऱ्यांना विचारा. नावं, खाती, पगार लिहून काढा. दुसरी पाटी कुणी देणार नाही. ती आपणच लिहायची.