ऋण फिटले, पण पत कोठे?

मोलगीच्या आठवडे बाजारात भगर व आंबाचूर घेऊन डोंगरातून उतरणाऱ्या भिल्ल व पावरा बांधवांकडे पाहून, 'हे लोक दारू व लग्ने यांपायी कर्जात बुडतात' असा शेरा मारून मोकळे होणारे गृहस्थ आमच्यात थोडे नाहीत. व्यसनाचा किंवा उधळपट्टीचा कैवार आम्ही घेत नाही. १९३० च्या दशकात मोरवडच्या गुलाम महाराजांनी याच सातपुड्यातील लोकांस दारू सोडावयास शिकविले, ते योग्यच केले. परंतु दारू सुटली म्हणून कर्ज सुटतेच असे नाही. पोटाची अडचण येते पावसाळ्यात. पैसा येतो तो हिवाळ्यातील ऊसतोडीतून किंवा उन्हाळ्यातील आंबाचुरातून. मधल्या महिन्यांत घेतलेल्या उचलीपोटी जो माल आधीच बांधला गेला, त्याचा भाव बाजारात ठरत नाही. तो सावकाराच्या वहीत ठरतो.

सावकारी पाशाविरुद्ध कायदे झाले नाहीत असे नव्हे. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेव्हा १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा ठरविला आहे. तथापि एका अन्यायाकडे अद्याप कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

वही दोन प्रकारची आहे. सावकाराची वही खाजगी. तीत दहा वर्षे पै न् पै चुकती केली तरी बँकेच्या दृष्टीने त्या मनुष्याची पत शून्यच राहते. दुसरी वही पतमाहिती कंपन्यांची. तीत ३०० ते ९०० या अंकांत मनुष्याची पत मोजतात. बचत गटातून किंवा सूक्ष्मकर्ज संस्थेतून घेतलेल्या कर्जाचे दोन हप्ते कुटुंब ऊसतोडीस गेल्यामुळे थकले, तर तो डाग मात्र तत्काळ उमटतो. प्रामाणिकपणाची नोंद नाही आणि अडचणीची नोंद पक्की, हा कोणता न्याय?

म्हणून कर्जातून वर येऊ पाहणाऱ्यांस आमचे सांगणे असे. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये. जे अधिक व्याजाचे, ते आधी फेडावे. प्रत्येक हप्त्याची पावती मागावी. थकलेली रक्कम तडजोडीने मिटविली, तर पतपत्रात 'तडजोड' असा शेरा राहतो व तो पुढे नडतो. यास्तव शक्य असेल तेथे पूर्ण फेड करून कर्ज संपल्याचा दाखला घ्यावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपले पतपत्र विनामूल्य मिळते. त्यात चूक आढळल्यास तक्रार करावी. ती तीस दिवसांत न निवारल्यास प्रतिदिनी शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूक्ष्मकर्ज देताना कुटुंबावरील सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, असाही २०२२ पासून नियम आहे. हे ज्यास ठाऊक, तो वसुली करणाऱ्यापुढे मान खाली घालणार नाही.

कोणी म्हणेल, पत दिली की हे लोक पुन्हा कर्ज काढतील. काढतीलही! नाशिकचा द्राक्षबागाइतदार काढीत नाही काय? मुंबईचा गिरणीवाला काढीत नव्हता काय? पत म्हणजे कर्जाची चटक नव्हे. कोणाकडून, कोणत्या दराने व कोणत्या मुदतीने घ्यावयाचे हे निवडण्याची शक्ती होय. ती ज्यापाशी नाही, त्यास भाव सांगितला जातो, विचारला जात नाही.

परंतु उपदेश पोटाला पुरत नाही. २०२० साली सरकारने आदिवासी कुटुंबांस खावटीचे कर्ज न देता चार हजार रुपयांचे अनुदान मंजूर केले. संकटकाळी ते ठीकच झाले. पण दरवर्षीच्या पावसाळ्याची तरतूद अनुदानाच्या लहरीवर सोडता येत नाही. बँकांनी हप्त्यांची मुदत महिन्यावर न बांधता आंबाचुराच्या व ऊसतोडीच्या हंगामावर बांधावी. त्यांनी मोलगीस बाजाराच्या दिवशी बसावे, भिल्ली व पावरी बोलणारा माणूस बसवावा, आणि पतपत्र वाचून दाखवावे. काठीच्या होळीस मजूर गावी परततात, त्या आठवड्यात तर हे अवश्य व्हावे. हातात मजुरी असते तेव्हा हिशेब करता येतो. ती संपल्यावर केवळ सावकाराचे दार उरते.