दहा आकडे आणि एक ‘पुरे’

गेल्या भाऊबीजेची दुपार. जेवणे आटोपलेली, पानसुपारीचे तबक फिरत असलेले, आणि आमचे भाचे मोबाइलवर मुष्टियुद्धाचा एक जुना सामना लावून बसलेले. त्यातला एक गडी धाडकन आडवा झाला आणि पंच बोटे दाखवीत आकडे मोजू लागला. आईने चष्मा सावरला.

“अरे, पडला ना तो बिचारा? मग पुरे म्हणा की! मोजता कसले?”

“आजी, दहाच्या आत उठला तर तो पुन्हा खेळेल. नियमच आहे तसा!”

“मेला कसला तो नियम!” असे म्हणून आई आत निघून गेली.

वाचकहो, आईला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

खरे तर हा नियम दयेपोटीच आला. त्यापूर्वी इंग्लंडात उघड्या मुठींनी लढत. गडी पडला की फेरी संपे. मदतनीस त्याला उचलून कोपऱ्यात नेत, अर्धा मिनिट चोळीत-चेपीत आणि पुन्हा उभा करीत. असे तासन् तास चाले. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातात मोजे चढवले आणि ठरवले, की पडलेल्याने दहा सेकंदांत, कोणाच्या मदतीवाचून उठावे. तोवर दुसऱ्याने कोपऱ्यात जावे.

हे दुसऱ्याने दूर जाणे फार महत्त्वाचे. १९१९ साली टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवले. तो शेजारीच उभा राही आणि विलार्ड उठू लागला की पुन्हा हाणी. हीच सवय त्याला १९२७ साली शिकागोत भोवली. सातव्या फेरीत जीन टनी पडला. पण डेम्प्सी दूरच्या कोपऱ्यात जाईना. पंच डेव्ह बॅरी यांनी त्याला तिकडे पिटाळले आणि मगच ‘एक’ म्हटले. नवाच्या आकड्याला टनी उठला. प्रत्यक्षात तो तेरा-चौदा सेकंद खाली होता. पुढे सामना त्यानेच जिंकला. त्या चार-पाच सेकंदांचा वाद आजही मिटलेला नाही.

आता नियम अधिक कडक आहेत. गडी तिसऱ्या आकड्याला उठला तरी पंच आठपर्यंत मोजतोच. त्याचे डोळे पाहतो, प्रश्न विचारतो, दोन पावले चालवून बघतो. मोजणी चालू असताना फेरीची घंटा झाली तरी पडलेला सुटत नाही.

पण आकडे झाले पडलेल्यासाठी. जो पडतच नाही, त्याचे काय?

२४ मार्च १९६२. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बाराव्या फेरीत एमिल ग्रिफिथने बेनी पारेटला कोपऱ्यात गाठले. ठोशांमागून ठोसे बसत होते. पण दोरांनी पारेटला धरून ठेवले होते. तो पडला नाही, म्हणून कोणी मोजले नाही. पंच रूबी गोल्डस्टीन मध्ये पडले, पण उशीर झाला होता. दहा दिवसांनी, ३ एप्रिलला, पारेट वारला. आता दोरांच्या आधारानेच उभा असलेला गडी पडल्यासारखा धरून पंचाला मोजता येते.

याची दुसरी बाजूही पाहा. १७ मार्च १९९०, लास व्हेगास. मेल्ड्रिक टेलर विरुद्ध ज्युलिओ सीझर चावेझ, दोघेही अजिंक्य. तिघांपैकी दोन परीक्षकांच्या गुणांत टेलर पुढे होता. शेवटच्या फेरीत तो पडला, उठला. पंच रिचर्ड स्टील यांनी दोनदा विचारले, “ठीक आहेस ना?” टेलर बोलला नाही, भलतीकडेच पाहत राहिला. स्टील यांनी सामना थांबवला. घड्याळात अवघी दोन सेकंदे उरली होती!

केवढा गहजब झाला! दोन सेकंदांत काय बिघडले असते, असे लोक आजही विचारतात. स्टील यांचे म्हणणे एवढेच, की कोणताही सामना माणसाच्या जिवाएवढा मोलाचा नसतो. टेलरला रुग्णालयात न्यावे लागले. चेहऱ्याचे हाड मोडले होते.

मला स्वतःला स्टील यांचे पटते. पंचाने घड्याळ पाहायचे की समोरचा माणूस? लवकर थांबवले तर जन्मभर शिव्या खाव्या लागतात, हे खरे. पण त्या देणाऱ्यांत थांबवलेला गडीही असू शकतो, कारण तो जिवंत असतो. उशिरा थांबवल्याची चूक मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

हजारो प्रेक्षक “आणखी!” म्हणून ओरडत असतात. अशा वेळी ‘पुरे’ म्हणणारा एक तरी माणूस असावा, म्हणून पंच लागतो. नियमांचे पुस्तक न वाचताही आई त्या दुपारी नेमके तेच म्हणाली होती. यंदा भाऊबीजेला तिला हे सांगणार आहे.