विश्लेषण : खांदेरी जागतिक वारसा झाला, पण त्यावरच्या दीपगृहाचे काय?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात अलिबागजवळ, थळच्या किनाऱ्यासमोरचा खांदेरी हा जलदुर्गही आहे. मात्र होडीतून जाताना आधी नजरेत भरते ते १८६७ चे ब्रिटिशकालीन दीपगृह.

कल्याणचा संबंध काय?

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. अडचण भूगोलाची होती. कल्याणहून समुद्राकडे जाणारी एक वाट पोर्तुगीजांच्या वसईवरून, दुसरी ठाणे खाडीतून इंग्रजांच्या मुंबईसमोरून. म्हणजे जहाजे आपली, पण दरवाजा दुसऱ्याच्या हातात. मुंबई बंदराच्या तोंडावर नजर ठेवणारे बेट त्यामुळे मोलाचे होते.

१६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली खांदेरीवर तट चढू लागला. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोहोचवत आणि वारा पडला की वल्ह्यांवर निसटत. इंग्रजांच्या जड जहाजांना ते जमेना. ‘डव्ह’ हे त्यांचे जहाज तर मराठ्यांनी पकडलेच. बेट मराठ्यांकडे राहिले.

मग दीपगृह का?

कारण तेच, जागा. बंदराच्या वाटेवरच्या या खडकाळ बेटाने आता इंग्रजांच्याच जहाजांना मार्ग दाखवायचा होता. दीपगृहानंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला. गंमत म्हणजे आज या दीपगृहाला नाव आहे कान्होजी आंग्रे यांचे, ज्यांना इंग्रज चाचा म्हणत!

आता प्रश्न काय?

वारसा यादीतला मान मराठ्यांच्या किल्ल्याचा आहे, दीपगृह नंतरचे. पण त्याला ‘परकीय’ म्हणून बाजूला ठेवणे चूक ठरेल. शेजारच्या उंदेरीवर दीपगृह नाही, वस्ती नाही. तिथला किल्ला झाडीत बुडाला आहे. खांदेरीवर दिवा सांभाळायला माणसे राहिली, त्याचा फायदा तटालाही झाला असावा. २०२१ च्या सागरी दिशादर्शक कायद्यानुसार केंद्र सरकार एखाद्या दीपगृहाला ‘वारसा दीपगृह’ घोषित करू शकते, तो मार्ग इथे वापरण्याजोगा आहे.

पर्यटक वाढले तर होड्या थळच्याच लागतील. बेटावरचा वेताळ हे कोळ्यांचे श्रद्धास्थान. त्यामुळे धक्का, तिकीट, पावसाळ्यातली बंदी हे ठरवताना पहिली बैठक थळच्या कोळीवाड्यात व्हायला हवी.