दिवा आपला, बीज कोणाचे?

दिवेलागणीची वेळ. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी गावात, मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावाप्रमाणेच, एकामागून एक दिवे उजळू लागतात. किराणा दुकानाच्या फळीवर, देवळाच्या सभामंडपात, गोठ्याच्या दाराशी आणि दहावीचा अभ्यास करीत बसलेल्या मुलीच्या वहीवर एकच पांढरा, शांत प्रकाश पडतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच जागी तापलेल्या तारेचा पिवळा बल्ब होता. तो प्रकाश थोडा देई आणि उष्णता फार. आज एलईडीचा दिवा आला आहे आणि तो इतक्या सहजपणे आला, की तो कुठून आला हे विचारण्याचेही आपल्याला सुचले नाही. तो प्रश्न आज विचारला पाहिजे.

या परिवर्तनाचे श्रेय निःसंकोचपणे द्यावयास हवे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून आजवर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. साठ वॅटचा जुना बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. हा हिशेब एका दिव्याचा आहे. ज्या घरात विजेचे बिल पाहून महिन्याचा खर्च बेतला जातो, त्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण दिव्याच्या खोक्यावर ‘भारतात निर्मित’ असे वाचून जो अभिमान वाटतो, तो किती खोलवर टिकतो, हे तपासून पाहण्याचे धैर्यही आपल्यात हवे. दिव्याचे कवच येथे बनते, त्यातील वीजजोडणी येथे होते, जुळणी करणारे हातही आपलेच असतात. मात्र त्या पांढऱ्या गोलकाच्या आत मोहरीच्या दाण्यासारखे जे बारीक कण बसविलेले असतात आणि ज्यांतून प्रत्यक्ष प्रकाश निघतो, त्या चिपा अद्याप बहुतांशी परदेशातून येतात.

जालना जिल्ह्याला या गोष्टीचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळावे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात संकरित बियाण्याचा उद्योग उभा केला. पुढे या शहराची ओळखच बियाण्याची राजधानी अशी झाली आणि १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेत आपले, पाणी आपले, घाम आपला. पण बियाणे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल तर पिकावर खरी सत्ता कोणाची, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. एलईडीची चिप हे प्रकाशाचे बियाणे आहे.

त्या दाण्यात असते तरी काय? सिलिकॉन, गॅलियम नायट्राइड यांसारख्या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. अशा पदार्थात एखादा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवरील रिकाम्या जागेत उतरतो, तेव्हा मधल्या अंतराइतकी ऊर्जा बाहेर पडते. काही अर्धवाहकांत ही ऊर्जा प्रकाशरूपाने येते. अंतर लहान असेल तर प्रकाश तांबडा, मोठे असेल तर निळा. परंतु एकाच पदार्थाच्या तुकड्यात इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा यांची गाठ पडण्याआधीच ते इतस्ततः पांगतात. यावरचा उपाय म्हणजे हेटरोस्ट्रक्चर. भिन्न अर्धवाहकांचे थर अणूशी अणू जुळवून एकावर एक चढवायचे. दोन उंच बांधांमधील सखल वाफ्यात पाणी आपोआप साचावे, तसे मधल्या थरात दोघेही अडकतात, एकमेकांना गाठतात आणि प्रकाश देतात. आपल्या घरातील दिव्यात गॅलियम नायट्राइडच्या थरांमध्ये इंडियम मिसळलेल्या गॅलियम नायट्राइडचा असा वाफा असतो. त्याची जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा काही दहा हजारांवा भाग! त्यातून निघणारा निळा प्रकाश वरच्या पिवळ्या प्रकाशदायी लेपातून गाळला गेला, की आपल्याला पांढरा दिसतो.

थरात इलेक्ट्रॉन एका दिशेने कोंडला जातो. त्याला तिन्ही दिशांनी कोंडले, की तयार होतो क्वांटम डॉट, म्हणजेच क्वांटम बिंदू. हा काही नॅनोमीटर आकाराचा स्फटिक. याचे वैशिष्ट्य असे, की पदार्थ तोच ठेवून केवळ कणाचा आकार बदलला तरी रंग बदलतो. वीणेची तार बोटाने दाबून आखूड केली की स्वर चढतो. तसा इलेक्ट्रॉनचा कोंडवाडा लहान केला की त्याची ऊर्जा चढते. कॅडमियम सेलेनाइडचा सहा नॅनोमीटरच्या आसपासचा कण तांबडा प्रकाश देतो, तर दोन नॅनोमीटरचा कण निळसर. १९८० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत रशियात अलेक्सी एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत आणि अमेरिकेत लुई ब्रुस यांनी द्रावणात हा परिणाम पाहिला. १९९३ साली मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे कण बनविण्याची रीत दिली. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. आज महागड्या दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यावरील तजेलदार रंगांमागे हेच बिंदू आहेत.

या बिंदूंची एक दुखरी बाजू आहे. कण जितका लहान, तितके त्याचे अधिक अणू पृष्ठभागावर येतात. आणि पृष्ठभागावरील अपुरे बंध प्रकाश निघण्यापूर्वीच ऊर्जा गिळून टाकतात. म्हणून कणावर दुसऱ्या पदार्थाचे कवच चढवावे लागते. नेमक्या याच विषयात महाराष्ट्राचे काम आहे. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मँगनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडचे नॅनोकण चक्क पाण्यात तयार केले आणि सेंद्रिय रेणूंचे आवरण देऊन ते स्थिर ठेवले. १९९५ साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झाले. अतिनील किरण टाकले की अशा कणांतून नारिंगी प्रकाश निघतो. ‘नॅनो’ हा शब्द आपल्याकडे मोटारीच्या नावामुळे घरोघरी पोहोचला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वायुरूप संयुगांपासून अर्धवाहकांचे थर उगवण्याचे तंत्र अनेक वर्षे जोपासले गेले आहे. पवईच्या आयआयटीत क्वांटम बिंदूंपासून अवरक्त किरण टिपणारे संवेदक बनविण्याचे काम झाले आहे. आणखी मागे जायचे तर आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या खनिजाच्या स्फटिकापासून तरंग टिपणारे उपकरण बनवून १९०१ साली अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणाचे जगातील पहिले पेटंट म्हणून त्याची नोंद घेतली जाते.

मग बुद्धी होती, आरंभ होता, तर बीज आपले का झाले नाही? याचे उत्तर ‘परकीयांनी होऊ दिले नाही’ एवढ्या एका वाक्यात देणे सोपे आहे. पण ते पूर्ण सत्य नाही. ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून समाधान मानणे तर त्याहून सोपे, आणि त्याहून घातक. पूर्वजांच्या कर्तृत्वाचा खरा वारसदार तो, जो त्यांच्याप्रमाणे भट्टीसमोर बसतो. आपल्याकडे शोधनिबंध आणि कारखाना यांमधील वाटच कोणी बांधली नाही. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या आगीत ते भस्मसात झाले. आग कोणत्याही देशात लागू शकते. पण ती विझल्यावर त्याच वेगाने पुन्हा उभे राहण्याची ईर्षा आपण दाखविली नाही, हे मान्य केले पाहिजे.

येथे जपानचे उदाहरण आठवते. निळा एलईडी बनविणे अशक्यप्राय आहे, असे मानून जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळा गॅलियम नायट्राइडचा नाद सोडून देत होत्या. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो मात्र त्यालाच धरून बसले. आणि तोक्यो-ओसाकाच्या झगमगाटापासून दूर, शिकोकू बेटावरील आनान या छोट्या शहरात, प्रकाशदायी रसायने बनविणाऱ्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा नावाचा अभियंता काम करीत होता. तो कोणा नामांकित विद्यापीठाचा नव्हे, जवळच्याच तोकुशिमा विद्यापीठाचा पदवीधर. कंपनीच्या संस्थापकाने त्याच्यावर विश्वास टाकला. वर्षभर अमेरिकेत राहून तो थर उगवण्याचे तंत्र शिकून आला. आयते यंत्र जुळत नव्हते, तेव्हा त्याने ते स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा बदलले. १९९३ मध्ये प्रखर निळा दिवा जगापुढे आला आणि २०१४ साली या तिघांना नोबेल मिळाले. कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. मोबदल्यावरून नाकामुरा आणि कंपनी यांचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले आणि तो अमेरिकेत स्थायिक झाला. गुणवंताला घडविणे जितके अवघड, तितकेच त्याला सन्मानाने राखणे अवघड असते, हा धडा जपाननेही किंमत मोजून घेतला.

आज आपल्याकडे वातावरण बदलत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात गॅलियम नायट्राइडसारख्या संयुग अर्धवाहकांच्या कारखान्यांनाही साहाय्याची तरतूद आहे. एलईडीचे सुटे भाग आणि वातानुकूलन यंत्रे यांसाठी एप्रिल २०२१ मध्ये ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना आली. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला संमती मिळाली आणि त्यातील संवेदन व मापन या विषयाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि संशोधनावरील आपला एकूण खर्च २०२०-२१ मध्ये देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. चीन दोन टक्क्यांहून अधिक आणि जपान तीन टक्क्यांहून अधिक खर्च करतो. आपल्या खासगी उद्योगांनीही येथे आपला वाटा उचललेला नाही. कारखान्याला अनुदान देऊन यंत्रे आणता येतात. यंत्र बिघडले असता थर का फसला हे सांगणारा माणूस मात्र अनुदानाने येत नाही. तो दहा-पंधरा वर्षे प्रयोगशाळेत मुरावा लागतो.

तो माणूस कुठून येणार? तो आष्टीतून का येऊ नये? शिकोकू बेटावरील आनानला जे साधले, ते जालना जिल्ह्याला साधणार नाही, असे मानण्याचे काही कारण नाही. संयुग अर्धवाहकांचे थर उगवायला कोट्यवधींची यंत्रे लागतात, हे खरे. पण पुण्यात ज्या पद्धतीने पाण्यात नॅनोकण बनले, त्या पद्धतीला प्रामुख्याने काचेची भांडी, शुद्ध रसायने, एक अतिनील दिवा आणि मन लावून शिकविणारा प्राध्यापक लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला हे अशक्य नाही. पुढील मोजमापासाठी पवई आणि बंगळूर येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांची दारे बाहेरच्या संशोधकांना उघडी करणारा शासकीय उपक्रम २००८ पासून आहे. दारे उघडी आहेत. तेथवर जाणारी पावले हवीत.

येथे प्रश्न शासनाचा उरत नाही, आपल्या घराचा होतो. मुलगी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करते म्हणाली, तर ‘पुढे काय?’ असा सूर आपल्याच माजघरातून निघतो. प्रयोगशाळेला कुलूप असणाऱ्या शाळेला आपण निकालाची टक्केवारी विचारतो, प्रयोग किती झाले हे विचारत नाही. गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी २८ फेब्रुवारीचा विज्ञानदिन हार-भाषणांत न आटोपता त्या दिवशी जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप उघडून पाहावे, मोडके उपकरण दुरुस्त करून द्यावे, निवृत्त शिक्षकांना तेथे बोलवावे. काम लहान दिसेल. पण देश उभा राहतो तो अशाच लहान, न दिसणाऱ्या कामांवर.

स्वदेशी म्हणजे केवळ खोक्यावरची मोहोर नव्हे. वस्तूच्या सर्वांत लहान, सर्वांत आतल्या भागाचे ज्ञान आपल्या हाती असणे, ही तिची खरी कसोटी. त्या कसोटीला आज आपला दिवा पुरता उतरत नाही, हे प्रांजळपणे मान्य करूया. आष्टीच्या त्या घरात दिव्याखाली बसलेली मुलगी आज विज्ञानाचे पुस्तक उघडून बसली आहे. तिच्या वहीवर पडणारा प्रकाश परक्या बीजाचा आहे. तिच्या मुलांच्या वहीवर कोणत्या बीजाचा प्रकाश पडेल, हे तिची प्रयोगशाळा उघडी राहते की बंद, यावर ठरणार आहे.